कडब्यात बांधलेल्या तीन सायकली

बुलढाणा जिल्ह्यात जाऊन आले म्हटलं, की आमच्या पुण्यातली माणसं एकच प्रश्न विचारतात, "लोणारचं सरोवर पाहिलंत का?" नाही पाहिलं. पाहायचं अगदी ठरलं होतं. पण तो सबंध दिवस सायकली बांधण्यात आणि सोडण्यात गेला. तेव्हा ज्यांना सरोवराचं वर्णन हवं असेल, त्यांनी दुसऱ्या कुणाचा तरी लेख शोधावा. माझ्याकडे सायकलीच आहेत.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-चार वर्षं झाली असतील. आमच्याकडे तेव्हा एक लहानशी मोटार होती. दोन दारांची, बाटलीसारख्या हिरव्या रंगाची, एका दातांच्या डॉक्टरांनी वापरून विकलेली. श्रीधरपंत, म्हणजे आमचे हे, तिला रोज सकाळी स्वतः पुसायचे. (नाव घेऊन हाक मारायची सोय नाही, पण लिहायला कोण अडवतं!) तिच्या रंगाला कुणाच्या बांगडीचा स्पर्श झाला तरी यांच्या कपाळाला आठी पडे. माझ्याच बांगड्या असल्यामुळे मला हे ठाऊक आहे.

लग्नाआधी श्रीधरपंत रस्त्यांच्या मोजणीसाठी दोन वर्षं जानेफळच्या बाजूला होते. तेव्हा ते एका शेतकऱ्याच्या घरी उतरत, त्यांचं नाव तुळशीरामजी. त्या घरच्या भाकरीची आणि ठेच्याची स्तुती मी लग्न झाल्यापासून ऐकत आले आहे. या तुळशीरामजींचं पत्र आलं. वैशाखात तीन मुलींची लग्नं एकाच मांडवात आहेत, दोघी स्वतःच्या, तिसरी पुतणी, तरी साहेबांनी वहिनीसाहेबांना घेऊन यावं. लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही चिखलीला पोचायचं, तुळशीरामजी तिथे बाजाराला आलेले असतील, त्यांना मोटारीत घालून गावी जायचं, असं ठरलं.

चिखली

वैशाखात चिखलीचा कापूस बाजार ओस असतो. रस्त्यावर कापसाच्या चुकार पुंजक्यांऐवजी नुसता फुफाटा उडत होता. मोटारीची काच खाली केली तर तोंड भाजे आणि वर केली तर जीव गुदमरे. पुण्याच्या उन्हाला आम्ही ऊन का म्हणतो, असा मला प्रश्न पडला.

तुळशीरामजी एका सायकलींच्या दुकानापुढे उभे होते. उंच, वाळलेले, पांढरं धोतर, डोक्याला फेटा. पायाशी ज्वारीच्या कडब्याच्या पाच-सहा पेंढ्या होत्या. एवढा मोठा माणूस आम्हाला भेटायला कडबा घेऊन का आला, ते कळेना. रामराम झाला, पाणी झालं, आणि मग त्यांनी श्रीधरपंतांना जरा बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे माझ्यापासून दोन हातांवर.

"सायेब, एक विनंती होती. मनात नसन तं सरळ नाई म्हना."

विनंती दुकानात उभी होती. तीन नव्या सायकली, काळ्या कुळकुळीत, चेनकव्हरवर पांढऱ्या रंगात तीन नवरदेवांची नावं रंगवलेली. लग्नात आंदण द्यायच्या होत्या. त्या उद्या संध्याकाळच्या आत मांडवात उभ्या हव्यात, आणि त्यांना आमच्या मोटारीवरून न्यावं, अशी इच्छा होती.

"एसटीच्या टपावरून नाही का नेता येणार?" श्रीधरपंतांनी विचारलं. आवाजात आशा होती.

"टपावर ट्रंका असतेत, कोंबड्यायचे डालगे असतेत, बँडवाल्यायचे ढोल असतेत. उतरोस्तोर सायकलीचं भंगार होते, सायेब. अन् बंडीत टाकावं तं दोन दिस लागतीन."

"मग कुणीतरी चालवत नेली तर?" हा मूर्खपणा मी केला.

दुकानाचे मालक करीमभाई एकदम पुढे आले. मी सायकलीवर नव्हे, त्यांच्या इमानावर बोट ठेवल्यासारखं झालं. "ना, ना, बाईसाब! कोरी म्हंजे कोरी. नवरदेवाच्या आधी कोनी टांग टाकली, की ते आंदण नाई राहत." मग त्यांनी मला खाली बसवून टायर दाखवला. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, ते मी आयुष्यात प्रथमच पाहिले. "हे बाल घिसले, की समजून घ्या गाडी चालली. बराती आल्याबरोबर पह्यले हेच पाह्यते."

आमच्याकडे वरपक्ष मानपानाच्या नावाने रुसतो, चांदीचं भांडं हलकं निघालं म्हणून रुसतो. पण टायरवरचे केस तपासणारी मंडळी मी ऐकली नव्हती. श्रीधरपंतांनी एकदा मोटारीच्या टपाकडे पाहिलं. मग तुळशीरामजींकडे पाहिलं. दोन वर्षांच्या भाकरी आठवल्या असाव्यात. "बांधा," ते म्हणाले आणि बांधताना बघवणार नाही म्हणून पानाच्या दुकानाकडे गेले.

यानंतर सबंध गल्लीने सायकली बांधल्या. प्रत्येकाला बांधणं येत होतं आणि प्रत्येकाची रीत वेगळी होती. शेवटी असं ठरलं की टपावर वाकळ घालायची, तिच्यावर दोन बांबू आडवे टाकायचे, आणि त्यांवर दोन सायकली उलट्या, सीट आणि हँडल खाली करून निजवायच्या. एकीचं तोंड पुढे, एकीचं मागे. तिसरी मोटारीच्या पाठीला उभी बांधायची. घंट्या, दिवे आणि पंप माझ्या मांडीवर. आणि लोखंडाला लोखंड घासू नये म्हणून मधल्या सगळ्या फटींत कडबा. तुळशीरामजी त्याच हिशेबाने पेंढ्या घरून घेऊन आले होते. करीमभाई जुन्या ट्यूबा द्यायला तयार होते, पण कडब्याची ऊब ट्यूबेला नाही, यावर एकमत झालं. मलाही ती युक्ती फार आवडली आणि मी तसं बोलूनही दाखवलं. जिथे घरटी बैलजोडी, त्या मुलखात इतक्या जाणत्या माणसांमध्ये एकालाही पुढची गोष्ट सुचली नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

मोटारीपुढे नारळ फुटला. दिव्यांना हळदकुंकू लागलं. श्रीधरपंतांनी रुमाल खिशातून काढला आणि परत ठेवला. आम्ही तिघे आत बसल्यावर कुणी तरी टप हलवून पाहिला आणि "अजून एक येढा मारा बे!" असं ओरडला. मग दोन माणसांनी काथ्याची दोरी एका खिडकीतून आत घालून दुसरीतून बाहेर काढली, टपावरून फिरवली आणि करकचून आवळली. आमच्या नाकासमोरून दोरी जात होती. सगळे खूश झाले. आम्हीही झालो.

मेहकरच्या अलीकडे

आम्ही बैलगाडीच्या बेताने चाललो होतो. दोन्ही बाजूंना नांगरून उघडी पडलेली काळी वावरं, मध्येच एखादा कडुनिंब, लांबवर धुळीची वावटळ. समोरून आलेल्या एसटीतले लोक सगळे एका बाजूला आले आणि आमच्याकडे पाहून हात हलवू लागले. श्रीधरपंत समोर बघून चालवत राहिले. तुळशीरामजींनी चिखलीपासून एक हात खिडकीबाहेर काढून वरची दोरी धरून ठेवली होती. सायकल पडलीच असती तर त्या हाताने काय झालं असतं कोण जाणे.

मी विचारलं, "तिघींचे नवरे सारख्या घरचे आहेत का हो?"

"सारखेच समजा. दुकानात मंधातली सायकल दिसली काय तुम्हाले, ज्ञानदेव लिव्हलं हाये ते? तो शेवंताचा नवरदेव. शेवंता म्हंजे माही पुतनी." हात वर असल्यामुळे ते मान वाकडी करून बोलत होते. "भाऊ माहा वावरात साप लागून गेला, तिची माय बी दुसऱ्या सालीच गेली. लेकरू मांडीवर वाढलं. पन तिच्या बापाच्या वाट्याचं वावर मी वाहून राह्यलो ना, वैनी. गावात दोन माणसं बोलतेतच. भावाचं वावर खाल्लं अन् पोरगी कशीबशी उजवली, असं उद्या कोनी म्हनू नाई, म्हनून तिघींचं सारं सारखं करून राह्यलो. लुगडे एका थानातले. भांडे एका दुकानातले. सायकली बी एकाच पेटीतून काढल्या."

"लोकांचं काय एवढं मनावर घेता," श्रीधरपंत म्हणाले.

"लोकायचं नाई, सायेब. ते बी आयकतेच ना."

ते म्हणजे मांडीवर वाढलेलं ते लेकरू, हे विचारायची गरज नव्हती.

मेहकर अजून चार-पाच मैल असताना रस्त्याच्या कडेला एक हॉटेल लागलं. हॉटेल म्हणजे ताट्यांची भिंत, दोन बाकं आणि एक भट्टी. बाजूला कडुनिंबाची दाट सावली होती आणि बाजाराहून परतणाऱ्या बंड्या, म्हणजे तिकडच्या बैलगाड्या, तिथे सुटल्या होत्या. श्रीधरपंतांनी मोटारीला उन्हाचा त्रास नको म्हणून तिला अगदी सावलीत, झाडाच्या खोडाला लावून उभी केली. शेजारी दोन बैल मान खाली घालून काहीच न खाता उभे होते. वैशाखात त्यांच्यापुढे टाकायला असतं काय?

आम्ही उतरायला गेलो, तर दार उघडेना. दुसरंही उघडेना. चिखलीकरांनी दोरी खिडक्यांतून घेतली होती, त्यामुळे सायकलींबरोबर दारंही टपाला बांधली गेली होती. म्हणजे आम्ही तिघेही सुखरूप बांधलेले होतो. मला इतकं हसू आलं की मांडीवरच्या तिन्ही घंट्या वाजायला लागल्या. हॉटेलवाला बाहेर येऊन पाहू लागला. "गाठ काऊन सोडता? मी चहा आतच देतो!" म्हणाला, आणि खरोखरच खिडकीतून चहाचे कप आणि भज्यांची बशी आत आली. चहा गुळाचा होता. भजी अशी होती, की त्यासाठी मी पुन्हा बांधून घेईन.

दुसरं भजं तोंडात असताना मोटार हलली. मागे-पुढे नाही, वर-खाली. डोक्यावर कुरूम-कुरूम आवाज आला.

"कडबा!" तुळशीरामजी ओरडले. "बैलं कडबा खाऊन राह्यले!"

तिघांपैकी एकालाही बाहेर पडता येईना. तुळशीरामजी खिडकीतून हात काढून "हाड! हाड!" करत होते आणि तो हात बैलाच्या पोटापर्यंतच पोचत होता. बैलाने एक पेंढी दातात धरून ओढली, ती दोरीत अडकली, त्याने आणखी जोर केला. श्रीधरपंतांना जे एकच करता येण्यासारखं होतं ते त्यांनी केलं. भोंगा वाजवला. बैल बुजला, मान झटकून मागे सरला, पेंढीबरोबर दोरी आली आणि वरची एक सायकल टपावरून करकरत घसरून कडुनिंबाच्या खोडावर आदळली.

बंडीवाला धावत आला. म्हातारा होता, फार वरमला. "बैलाले काय समजते, जी. त्याले वाटलं त्याच्याचसाठी आनला." बरोबरच वाटलं होतं त्याला.

विळ्याने दोऱ्या कापून आम्हाला बाहेर काढलं. टपावर हातभर लांब ओरखडा होता, तळापर्यंत गेलेला. श्रीधरपंत त्याच्याकडे पाहत उभे राहिले. पण मी तुळशीरामजींकडे पाहत होते. त्यांनी सायकल सुलटी केली, टायरवरून हात फिरवला. केस शाबूत होते. मग पुढच्या मडगार्डावर बोट थांबलं. पोचा आला होता आणि नखाएवढा टवका उडून आतलं लोखंड दिसत होतं. त्यांनी खाली वाकून चेनकव्हरवरचं नाव वाचलं. वाचायला इतका वेळ लागण्यासारखं ते नाव नव्हतं. ज्ञानदेव.

"मेहकरात रंग लावून घेऊ," श्रीधरपंत म्हणाले.

"रंग लावला तं ओला दिसते, सायेब. मंग म्हंतीन जुनी सायकल रंगवून पुतनीले देल्ली."

"नावं बदलून घेतली तर?"

"चिखलीच्या बाजारात समद्यायनं वाचले, कोणाचं नाव कोणच्या सायकलीवर हाये ते. सोयरे बी होते तिथं." ते बाकावर बसले. मला वाटलं होतं रागावतील, त्या बंडीवाल्यावर, निदान भोंग्यावर तरी. ते कुणावरच रागावले नाहीत. "लेकरू मांडीवर आलं तवापासून जपून राह्यलो," एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं. एक टवका तो काय, पुण्यात आम्ही त्याला चिकटपट्टीसुद्धा लावली नसती. पण इथे त्या टवक्यातून सबंध गाव आत शिरणार होतं.

थोड्या वेळाने ते उठले. उरलेल्या दोन सायकलीही त्यांनी उतरवून घेतल्या, विमलच्या नवऱ्याची आणि कुसुमच्या नवऱ्याची. या दोघी त्यांच्या स्वतःच्या मुली. मग श्रीधरपंतांकडे वळून म्हणाले, "सायेब, मोटारीचा मोठा पाना द्या बरं."

श्रीधरपंतांना आधी वाटलं, काही तरी घट्ट करायचं आहे. त्यांनी पाना दिला. तुळशीरामजींनी मला सांगितलं, "वैनी, हँडल धरा. हालू देऊ नका." मी धरलं. त्यांनी मडगार्डावर जागा पाहिली, ज्ञानदेवच्या सायकलीला होती तीच. पाना वर गेला आणि तिथेच राहिला. कोरी, काळी, आरशासारखी सायकल. तिच्यात त्यांचा फेटा दिसत होता.

"राहू द्या ना," मी म्हटलं.

"धरा तुम्ही," ते म्हणाले आणि मारला.

हँडल माझ्या हातात झणझणलं. दुसऱ्या सायकलीला मात्र ते थांबले नाहीत. हॉटेलवाला, बंडीवाला, बाकावरची दोन माणसं, सगळे बघत होते आणि कुणी काऊन म्हणून, कशासाठी म्हणून विचारलं नाही. काम झाल्यावर तुळशीरामजींनी पाना धोतराच्या टोकाने पुसून परत केला. श्रीधरपंतांनी तो डिकीत ठेवला आणि त्यानंतर टपावरच्या ओरखड्याबद्दल चकार शब्द काढला नाही. हॉटेलवाल्याकडच्या गोणपाटात सायकली गुंडाळल्या. दोरी या वेळी दारं उघडी ठेवून बांधली. कडबा बैलांना देऊन टाकला.

जानेफळच्या पुढे

गावाचं नाव सांगत नाही. जानेफळच्या पुढे आहे आणि भाकरी खरंच तशी आहे.

लग्नं गोरज मुहूर्तावर लागली. पंगतीत वरण-भात, वांग्याची झणझणीत भाजी, पोळ्या, कढी आणि बुंदी. वाढणारे आग्रह करत नाहीत, सरळ पानात टाकतात. "नको" हा शब्द त्यांच्या कानांना ऐकू येत नसावा. आमच्याकडे बायका अलीकडे खुर्च्यांवर बसतात, इथे मी अंगणातल्या सतरंजीवर तिन्ही नवऱ्यामुलींच्या मागे बसले होते आणि तिथून सायकली नीट दिसत होत्या. तिन्ही एका रांगेत उभ्या, हँडलला झेंडूची माळ.

वऱ्हाडी मंडळींतले एक म्हातारे आले. कुसुमचे सासरे. करीमभाईंनी सांगितल्याप्रमाणे आधी टायर तपासले. मग मडगार्डापाशी आले.

"हे काय जी, तुळशीरामजी?"

तुळशीरामजींनी हँडलवरची झेंडूची माळ सरळ केली. म्हातारे पुढच्या सायकलीकडे गेले, तिचं मडगार्ड पाहिलं. मग तिसऱ्या.

"तिन्हीले आहे?"

"हाव. तिन्हीले."

"मंग ठीक आहे," म्हातारे म्हणाले आणि हात धुवायला गेले. जरा वेळाने ते दुसऱ्या एकाला सांगत होते की कंपनीच आता असा ठोका मारून देते, त्यावरून असली माल ओळखायचा. मला तेव्हा हसूही आलं आणि हायसंही वाटलं. ज्ञानदेवच्या घरच्यांनी तर नुसतं पाहिलं आणि मान हलवली.

सकाळी पाठवणी. तीन बंड्या जुंपून उभ्या होत्या. सायकली वर चढवताना तुळशीरामजींनी तिन्हींच्या खाली घरातल्या गाद्या घातल्या, आणि बैलांकडे एकदा रोखून पाहिलं. विमल रडली, कुसुम रडली, दोघींची आई रडली. शेवंता रडेना. बायका आपापसात कुजबुजायला लागल्या, की पोरीले आई-बाप नाई, रडन कोणासाठी. ती ऐकत असावी. चेहरा घट्ट होता. सगळ्यांच्या पाया पडून झाल्यावर ती बंडीत चढायच्या ऐवजी सायकलींकडे गेली. स्वतःच्या सायकलीच्या टवक्यावर बोट ठेवलं. मग शेजारच्या बंडीपाशी जाऊन विमलच्या सायकलीवर ठेवलं, मग कुसुमच्या. तिथे बोट पुरेना, तिने अंगठा ठेवला. मांडवातल्या कुणाच्याच लक्षात न आलेली गोष्ट होती. मी स्वतः हँडल धरलं होतं, तरी माझ्याही आली नव्हती.

ती तुळशीरामजींपाशी आली. "मोठेबाबा, विमलच्या अन् कुसुमच्या सायकलीले लय मोठं लागलं. माह्याले एवढंसंच. काऊन?"

तुळशीरामजी बैलाची वेसण नीट करत होते. करतच राहिले.

"तुह्या सायकलीले आधीच लागलं होतं, माय. तिले अजून कायले मारू?"

शेवंता तशीच उभी राहिली. मग त्यांच्या दंडाला धरून ती रडायला लागली, इतकी, की विमल आणि कुसुम आपलं रडं थांबवून बंडीतून खाली उतरल्या. मीही रडले. श्रीधरपंत आमच्याकडे पाठ करून मोटारीपाशी उभे होते आणि टपावरचा ओरखडा, जो काही केलं तरी जाणार नव्हता, तो रुमालाने पुसत होते.